कोरी डिस्क कधी येणार?

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या मानवतमध्ये मला अजूनही ‘कॅसेटवाले’ म्हणतात. कॅसेट जाऊन जमाना झाला. मधे व्हीसीडी आली, डीव्हीडी आली, ब्ल्यू-रे नावाची निळसर डिस्क आली आणि लोकांना तिचं नाव नीट घेता येईपर्यंत गेलीसुद्धा. माझं नाव मात्र बदललं नाही. दुकान बंद केलं त्यालाही आता काही वर्षं झाली, तरी बँकेच्या रांगेत मागून कुणीतरी म्हणतंच, “कॅसेटवाले, आमच्या लग्नात तुमीच व्हता ना?” मी हो म्हणतो. खरं तर आठवत नसतं. इतकी लग्नं काढली की नवरदेवांचे चेहरे एकमेकांत मिसळून गेलेत.

संपादकांनी लेख मागितला तेव्हा त्यांच्या मनात गमतीचे किस्से असावेत. तसे पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलं की मला वालूर गावचं एकच लग्न आठवतं आणि हात थांबतो. म्हणून आधी तेच लिहून मोकळा होतो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, लग्नाचं शूटिंग म्हणजे पंगतीत जेवणाऱ्याच्या तोंडासमोर लाइट धरायचा आणि त्याचा घास तोंडातच अडकवायचा. तेही आम्ही केलं, नाही म्हणत नाही. पण आमचं खरं गिऱ्हाईक पंगतीत नसतं आणि स्टेजवरही नसतं. आमचं खरं गिऱ्हाईक म्हणजे नवरीची आई. आमच्याकडे मुलीच्या आईनं अक्षता पडताना पाहायचं नसतं. मंगलाष्टकं सुरू झाली की ती मांडवाच्या मागे जाऊन तुळशीला पाणी घालत उभी राहते. अंतरपाट खाली येतो, पोरगी माळ घालते, बँड वाजायला लागतो आणि जिनं सहा महिने जिवाचं रान केलं त्या बाईला फक्त आवाज ऐकू येतो. का पाहायचं नाही ते मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण त्यामुळे तिला तो क्षण दिसतो तो आमच्या कॅसेटमध्येच. म्हणून माझा एक नियम होता. पंगत हुकली तरी चालेल, व्याहीभेट हुकली तरी चालेल, अंतरपाट हुकता कामा नये. तीस वर्षांत तो एकदाही हुकला नाही, हे मी जरा छाती काढूनच सांगतो.

धंद्याची आणखी एक रीत सांगायला हवी. आम्ही मूळ शूटिंग जपून ठेवत नसू. डबीतली डिस्क गिऱ्हाइकाच्या हातात पडली, त्यानं घरी लावून बघितली, ‘बराबर हाय’ म्हणाला, की मूळ पुसायचं आणि त्याच जागेवर पुढचं लग्न भरायचं. एका गृहस्थानं भांडण झाल्यावर मेहुण्याला कॅसेटमधून काढून टाकायला लावलं होतं. मी दोन दिवस बसून मेहुण्याला खड्यासारखं वेचून काढलं. वर्षभरानं त्यांचा समेट झाला आणि गृहस्थ पेढे घेऊन दुकानात आले. म्हणाले, “आता त्याला परत टाका.” मूळ कधीच पुसलेलं होतं. मी ते पेढे खाल्ल्यावर सांगितलं, एवढीच माझी चूक. सांगायचं काय, तर डिस्क हीच आमची जपणूक होती. डिस्क दिली की आम्ही सुटलो, आणि दिली नाही तोवर जबाबदारी आमच्या डोक्यावर.

मला माल पुरवायचे ते नांदेडचे रफिकभाई. कोऱ्या कॅसेटी, कोऱ्या डिस्का, डब्या, लाइटचे बल्ब, सगळं त्यांच्याकडून. एकदा त्यांचा फोन आला की हॉटेलात कंपनीचा कार्यक्रम आहे, नवीन माल दाखवणार आहेत आणि जेवण आहे. परभणी, हिंगोली, नांदेड, तिन्ही जिल्ह्यांतले शूटिंगवाले जमले. मुंबईहून एक साहेब आले होते. त्यांनी भिंतीएवढ्या टीव्हीवर आधी पाण्याचा थेंब दाखवला, मग पोपटाचं पीस दाखवलं. त्या पिसाची एकेक काडी मोजता येत होती. आमच्यातले अर्धे जण खुर्चीवरून उठून पुढे गेले आणि टीव्हीला नाक लावून उभे राहिले.

साहेब म्हणाले, फोरकेची डिस्क येते आहे. ब्ल्यू-रेच्या चौपट बारीक चित्र, शंभर जीबी माल मावणार. मग त्यांनी पडद्यावर कंपन्यांची नावं दाखवली. टीव्ही बनवणाऱ्या, मशीन बनवणाऱ्या, सिनेमे बनवणाऱ्या, कुणी म्हणून सुटली नव्हती. “मागच्या वेळी दोन तट होते,” साहेब म्हणाले, “एकाची डिस्क दुसऱ्याच्या मशीनमध्ये चालत नव्हती. ह्या वेळी भांडण नाही. सगळे एका ताटात जेवतायत.” हे मला फार पटलं. इतक्या मोठ्या लोकांचा पाठिंबा असलेली गोष्ट बुडणार कशी?

मी हात वर करून विचारलं, “साहेब, डिस्कचा भाव काय राहील?”

साहेबांनी भाव सांगितला आणि हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. रफिकभाई माझ्या कानाशी म्हणाले, “पहले पहले सब महंगाच रहता, भाई. बाद में उतरताय.” मीही मान हलवली. व्हीसीडीच्या वेळी हेच झालं होतं, डीव्हीडीच्या वेळीही हेच. त्यापुढचा एक साधा प्रश्न विचारायला हवा होता, तो हॉलमधल्या एकालाही सुचला नाही. आम्ही जेवायला गेलो. त्या जेवणाच्या भरवशावर मी महिन्याभरात नवा फोरके कॅमेरा घेतला.

वालूरचे माणिकराव त्यानंतर दुकानात आले. चाळिशीच्या पुढचा, कमी बोलणारा, चांगली जमीन राखून असलेला शेतकरी. एकुलत्या मुलीचं, अर्चनाचं, लग्न ठरलं होतं. तारीख सांगून झाली तरी ते उठेनात.

“भास्करराव,” ते म्हणाले, “आमच्या मंडळीला डोळ्यानं कमी दिसायलंय. दोन खेपा चष्मा बदलला, फरक न्हाई. तिला लग्न मोठ्ठं आन् साफ दिसंल असं काय हाय का तुमच्याकडं?”

माझ्या तोंडी साहेबांचा पोपट तयारच होता. मी त्यांना चौपट बारीक चित्र सांगितलं, सगळ्या कंपन्यांचा पाठिंबा सांगितला. “लग्न नव्या कॅमेऱ्यावर काढतो. दिवाळसणाला जावई येतील तोवर डिस्क बाजारात आलेली असेल. तुम्ही फक्त मोठा टीव्ही घेऊन ठेवा.”

“मधी साधी डीव्हीडी देता का? बघंल तवर.”

“साधी बघितली की ह्याची मजा जाईल,” मी म्हणालो. “त्यांना एकदाच दाखवू, पण असं दाखवू की जन्मभर लक्षात राहील.”

हे वाक्य मी स्वतःच्या तोंडानं बोललो आहे. माणिकरावांनी माझ्यावर विश्वास ठेवला, कारण त्यांच्या स्वतःच्या लग्नाची कॅसेटही मीच काढली होती.

लग्न सेलूच्या एका मंगल कार्यालयात वैशाखात झालं. उन्हानं माणसं वाळून निघत होती. कावेराताई, म्हणजे माणिकरावांच्या मंडळी, सकाळपासून पायाला भिंगरी लावल्यासारख्या फिरत होत्या. चालताना त्या दोनदा खुर्च्यांना अडखळल्या, ते मी पाहिलं. गर्दीमुळे असेल असं वाटलं. मंगलाष्टकं सुरू होताना त्या स्टेजच्या मागे, डाव्या अंगाला ठेवलेल्या तुळशीच्या कुंडीकडे गेल्या. मी अंतरपाट घेतला. नवा कॅमेरा, पहिलंच लग्न. माळेतला एकेक निशिगंध मोजून घ्यावा असं चित्र आलं.

दिवाळी आली. टीव्हीच्या दुकानांत फोरके टीव्हीच टीव्ही होते, डिस्क कुठेच नव्हती. मी रफिकभाईंना फोन केला. ते म्हणाले, “आयेगी, भाई. मुंबईमें आ गयी बोलते.” मी माणिकरावांना संक्रांतीचा वायदा दिला. वालूरला पंचावन्न इंची टीव्ही येऊन पडला होता. जावई दिवाळसणाला येऊन बातम्या बघून गेले. नातेवाइकांच्या मोबाइलवर अक्षतांच्या वेळचं थोडंफार होतं, पण त्यात पुढे उभ्या असलेल्यांची डोकी आणि वर केलेले हात. कावेराताईंनी ते पाहायला घेतलं तर माणिकरावच म्हणाले, “ते कशाला बघायलीस? आपलं चांगलं यायलंय.”

संक्रांतीनंतर मी स्वतः नांदेडला गेलो. रफिकभाईंच्या काउंटरवर फोरकेची एक डिस्क ठेवलेली होती. काळी डबी, वर इंग्रजी सिनेमाचं चित्र. मला इतका आनंद झाला की मी नमस्कार करायचाही विसरलो.

“ही आली म्हणजे कोरीपण आली असेल. मला दोन द्या,” मी म्हणालो.

रफिकभाईंनी स्टूल पुढे सरकवलं. मग म्हणाले, “बैठो, भास्करभाई. मैं कल मुंबईकू पूछा. कोरी नहीं आनेवाली.”

“म्हणजे? उशीर लागणार?”

“उशीर नहीं. आनेवालीच नहीं. ये डिस्क पिक्चरवालोंकी हाय. कारखानेमें छपके आती. घरमें लिखनेकी नहीं बनायेच उनो.”

मी स्टुलावर बसलो. सगळा घोळ एका शब्दाचा होता. तीस वर्षं आम्ही शूटिंगवाले ‘डिस्क’ म्हणालो की त्याचा अर्थ कोरी डिस्क असाच होता. भरलेली विकत घेणारा आमच्यात एकही नव्हता. व्हीसीडी आली तेव्हा मागोमाग कोरी आली, डीव्हीडी आली तेव्हा कोरी आली, ब्ल्यू-रे आली तेव्हाही आली. म्हणून त्या हॉलमध्ये कुणाला विचारावंसंच वाटलं नाही की कोरी कधी येणार. साहेबांनी आम्हाला फसवलं नाही. ते त्यांच्या डिस्कबद्दल बोलत होते आणि आम्ही आमच्या. त्या सगळ्या मोठमोठ्या कंपन्यांचा पाठिंबा खरा होता, फक्त तो आम्हाला नव्हता.

“ब्ल्यू-रेकी कोरीपे भरके देखो,” रफिकभाई म्हणाले. पण ती कोणतं मशीन वाजवील याची खात्री त्यांनाही देता येईना.

आता इथे मी काय करायला हवं होतं ते कुणालाही समजेल. वालूरला जाऊन सरळ सांगायचं, की माझी चूक झाली, डीव्हीडी करून देतो. मी ते केलं नाही. ‘कॅसेटवाले’ म्हणून लोक ज्याला मान देतात त्या माणसाला पहिल्यांदाच आपल्या धंद्यातलं कळलं नव्हतं, आणि ते तोंडानं सांगायची लाज वाटली. माणिकरावांचा फोन आला की मी म्हणायचो, “पुढच्या महिन्यात बघतो.” असे चार महिने काढले. त्या चार महिन्यांची मला आजही शरम वाटते.

ज्येष्ठात एका सकाळी माणिकराव दुकानात आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

“नांदेडच्या डाक्टरनं काचबिंदू सांगितला,” ते म्हणाले. “लय दिवसांचा हाय म्हणे. चष्म्याचं कामच नव्हतं. गेलेलं परत येत न्हाई, उरलेलं ऱ्हावं म्हणून आपरेशन करायचं. त्यात उरलेलंबी जाऊ शकतं आसं त्यानं तोंडावर सांगितलं. परवा भरती करायचंय.”



“मला तुमची डिस्क नको, भास्करराव. ती कवा यायची ती येऊ द्या. उद्या काय आसंल ते घेऊन या. तिनं पोरीचं लगीन पाह्यलेलं न्हाई.”

ते गेले आणि मी कपाटातून हार्ड डिस्क काढली. हार्ड डिस्क म्हणजे कॉम्प्युटरचं गोदाम, तळहाताएवढा डबा, आत गोल फिरणारी ताटली. वालूरचं सगळं लग्न त्या एका डब्यात होतं, दुसरीकडे कुठेही नाही. कारण आमची दुसरी प्रत म्हणजे डिस्क, आणि डिस्क तर आलीच नव्हती. तेरा महिने मी ती माझ्या कपाटात, पत्र्याच्या दुकानात, दोन उन्हाळे ठेवली होती.

केबल लावली. आतून टिक् असा आवाज आला. मग पुन्हा टिक्. ज्यानं हा धंदा केलाय त्याला हा आवाज ओळखायला शिकवावं लागत नाही.  पडद्यावर काहीच उमटेना. मी केबल काढली, डबा कूलरसमोर धरला, पंधरा मिनिटं थांबलो, परत लावली. टिक्, टिक्, आणि मग एकदाची ताटली फिरली. यादी दिसली. हळद, सीमांतपूजन, मंगलाष्टकं, पंगत, पाठवणी. मी यादीकडे बघत असतानाच ती गेली. पुन्हा टिक्.

घड्याळ लावून बघितलं तर डबा गार केला की जेमतेम चार मिनिटं चालत होता. तेवढ्यात सगळं लग्न उचलणं अशक्य होतं. कॅमेरा लांबलचक शॉटचे आपोआप तुकडे पाडतो. मंगलाष्टकांचे तीन तुकडे होते आणि अंतरपाट तिसऱ्यात, सगळ्यात छोट्या तुकड्यात होता. त्याचा नंबर मला पाठ होता. पहिल्यांदा कॉपी लावली तर पाऊण होऊन तुटली. अर्धवट कॉपी कशाच्याच कामाची नसते, परत पहिल्यापासून. डबा परत गार केला. दुसऱ्यांदा अगदी शेवटाला आली आणि लाइट गेली. मानवतच्या लाइटला मी आयुष्यभर शिव्या दिल्यात, पण त्या दिवशी शिवीसुद्धा सुचली नाही. दुकानाचं शटर अर्धं ओढून मी अंधारात तो डबा ओल्या फडक्याच्या वर, प्लास्टिकच्या पिशवीत धरून बसलो. कुणी गिऱ्हाईक वाकून आत बघत होतं, त्याला हातानंच जा म्हटलं.

तासाभरानं लाइट आली. तिसऱ्यांदा लावली. पडद्यावर कॉपीची हिरवी पट्टी पुढे सरकत होती. पट्टी भरली. तुकडा आला. मी लगेच पाठवणीवर बोट ठेवलं आणि त्याच क्षणी डबा बंद पडला. तो पुन्हा कधीच फिरला नाही. पुढे पुण्याला पाठवून बघितला, त्यांनी तसाच परत केला. हळद गेली, पाठवणी गेली, लेकीच्या गळ्यात पडून बाप रडला तेही गेलं. अख्ख्या लग्नातलं दोन-अडीच मिनिटांचं एक चित्र माझ्या हातात उरलं.

दुसऱ्या दिवशी तो तुकडा कॅमेऱ्याच्या कार्डावर टाकून, कॅमेरा आणि केबल घेऊन मी वालूरला गेलो. ओसरीवर माणिकराव होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. कोरी डिस्क येणार नव्हती, मला चार महिन्यांपासून माहीत होतं, आणि काल बाकीचं लग्न गेलं. त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. 

“तेवढं तरी हाय ना?” त्यांनी विचारलं.

“आहे.”

“मग चला. तिला बाकीचं आत्ता सांगू नका.”

कॅमेऱ्याची केबल टीव्हीला लावायला मला अर्धं मिनिट लागलं. हे अर्ध्या मिनिटाचं काम मी तेरा महिन्यांत कोणत्याही दिवशी येऊन करू शकलो असतो. डिस्क लागतच नव्हती. पण हातात डबी दिल्याशिवाय काम पुरं झालं असं आम्हाला वाटतच नसे.

कावेराताई धुतलेलं लुगडं नेसून टीव्हीसमोर येऊन बसल्या. भिंत धरत आल्या. मी तुकडा सुरू केला. पंचावन्न इंची पडद्यावर मंगलाष्टक घुमलं, शालूची जर झगमगली. असं चित्र मी जन्मात काढलं नव्हतं.

कावेराताई मान इकडून तिकडे हलवत होत्या. दाण्यातला खडा शोधावा तशा पडद्यावर शोधत होत्या.

“अर्चना कुठंय?” त्यांनी विचारलं.

“ही काय, समोरच की,” माणिकराव म्हणाले आणि उठून त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

“मला तुमचं बोट दिसायलंय. हळदीचा हात दिसायलाय एक. कुणाचा हाय त्यो?”

अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या, बँड वाजला, तुकडा संपला. त्यांनी काहीच पाहिलं नव्हतं.  माणिकरावांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी केबलकडे पाहत राहिलो.

“डाक्टर काय म्हणला ठावं हाय का, भाऊ,” कावेराताई मला म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. “बाजूचं समदं गेलं म्हणला. मधात वाटीएवढं उरलंय. त्या वाटीत जेवढं मावतंय तेवढंच दिसायलंय मला. ह्यो टीव्ही त्यात मावतोय का?”

 तेरा महिने मी मोठ्ठं, अजून मोठ्ठं म्हणत होतो. त्यांना मोठं नकोच होतं. माणिकरावांनी मोठं मागितलं, मी मोठं देऊ केलं, साहेबांनी तर भिंतीएवढं दाखवलं. जिला बघायचं होतं तिला आमच्यातल्या एकानंही विचारलं नव्हतं.

मी केबल उपटली. कॅमेऱ्याच्या बाजूला काडेपेटीपेक्षा थोडी मोठी एक काच असते, शूटिंग करताना आम्ही तिच्यात बघतो. ती उघडली, तुकडा पहिल्यापासून लावला आणि कॅमेरा त्यांच्या ओंजळीत दिला. त्यांनी तो आधी जवळ धरला, मग हात लांब केला, परत थोडा जवळ आणला. एका जागी त्यांचे हात थांबले.

“आली,” त्या म्हणाल्या. “आख्खी आली.”

भटजींचा आवाज त्या छोट्या यंत्रातून बारीक येत होता. त्या हलत नव्हत्या. अंतरपाट खाली आला. त्यांनी मला परत लावायला सांगितलं. परत पाहिलं. तिसऱ्यांदा पाहताना म्हणाल्या, “हितं थांबवा.”

मी थांबवलं.

“समोर नवरदेव उभा हाय आन् ही कुठं बघायली? खाली न्हाई, त्याच्याकडं न्हाई. डावीकडं, मागं बघायली. तिकडं मी व्हते. तुळशीपाशी.”

माणिकराव उठून ओसरीवर गेले.

तो तुकडा मी दुकानात कितीतरी वेळा पाहिला होता. कापाकापीच्या माझ्या वहीत त्याच्यापुढे माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: ‘नवरीची नजर बाजूला, एवढं काढून टाकणे.’ तीस वर्षं मी आयांसाठी अंतरपाट काढला आणि पोरगी कुणाला शोधते आहे ते मला चौपट बारीक चित्रातही दिसलं नव्हतं. मी तिथंच भिंतीला टेकून रडलो. कावेराताईंना ते दिसलं नसावं. 

मी निघालो तेव्हा कॅमेरा तिथेच ठेवला. माणिकराव नको म्हणाले, मी ऐकलं नाही. चार्जर कसा लावायचा ते त्यांना समजावून सांगितलं. मग कावेराताईंना सांगू लागलो, की हे हिरवं बटण दाबलं की सुरू होतं.

“हिरवं-बिरवं सांगू नका, भाऊ,” त्या म्हणाल्या. “परवाच्याला आपरेशन हाय. बोटाला दाखवून जा.”

मी त्यांचं बोट धरून बटणावर ठेवलं. त्यांनी डोळे मिटले, बोट काढलं, चाचपडत परत तिथंच आणलं आणि दाबलं. मंगलाष्टक सुरू झालं.